सहा कोंबडे आणि पुढचं सारं

तारीख २ ऑगस्ट १८४८. तुम्ही गटिंगेनमध्ये उभे आहात. जर्मनी नावाचा एकसंध देश अजून व्हायचा आहे. हे गाव हॅनोव्हरच्या राजाचं, आणि गावाची ऐट विद्यापीठामुळे. फेब्रुवारीत फ्रान्सचा राजा गादी सोडून पळाला, मार्चमध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर रक्त सांडलं, अर्धा युरोप तापलेला आहे. अशा वर्षात पंचेचाळीस वर्षांचे एक प्राध्यापक सहा तरणे कोंबडे घेऊन बसले आहेत. आर्नोल्ड आडोल्फ बेर्थोल्ड. वैद्यक शिकवतात आणि विद्यापीठाचा प्राणिसंग्रह सांभाळतात.

जवळ जा, एक कोंबडा तुम्हीच धरा. दोन-तीन महिन्यांचा असेल. तुरा अजून धड उठलेला नाही, चोचीखालची लाल कातडी नुकती कुठे लोंबायला लागली आहे. पंख घट्ट दाबून धरलेत तर आतलं काळीज तळहातावर धडधडताना कळेल. कोंबड्याचे वृषण बोकडासारखे बाहेर नसतात. ते पोटात, वर पाठीच्या कण्याला लागून असतात. त्यामुळे काढायचे तर पोट उघडावं लागतं. ते काम आता चाललं आहे.

यात नवं ते काय, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते बरोबरच आहे. खोंड बडवून बैल करणं, बोकड खच्ची करणं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. बैल नांगराला वळतो, वळू वळत नाही, एवढं त्याला पुरे. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवलं होतं की कोंबडा खच्ची केला की त्याचा तुरा फिका पडतो, तो आरवत नाही आणि कोंबडीच्या वाटेला जात नाही. काय होतं ते जगाला ठाऊक होतं. कसं होतं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. वृषण पोटात, तुरा डोक्यावर, आरवणं गळ्यात आणि भांडायची खुमखुमी मेंदूत कुठेतरी. यांच्यामध्ये निरोप पोचवतो कोण? त्या काळच्या विद्वानांचं उत्तर ठरलेलं होतं: मज्जातंतू.

आता बेर्थोल्ड यांचा हात पाहा. दोन कोंबड्यांचे दोन्ही वृषण ते काढून टाकतात. पुढच्या दोघांचा एकेक वृषण काढतात आणि उरलेला जागेवरून सुटा करून पोटातच ठेवतात. शेवटच्या दोघांवर येतात तेव्हा मात्र थांबून बघा. दोघांचेही दोन्ही वृषण बाहेर काढले, आणि मग याचा एक त्याच्या पोटात, त्याचा एक याच्या पोटात, आतड्यांच्या वेटोळ्यांत सोडून दिला. नाळ तुटलेली, मज्जातंतू तुटलेले, आणि अवयवही दुसऱ्याचा. जखमा शिवल्या आणि सहाही जण अंगणात सोडले.

शरद ऋतूत परत या. पहिले दोघे अंग चोरून वावरतात, भांडण आलंच अंगावर तर कसंबसं निभावतात, त्यांचा आवाज खच्ची कोंबड्याचा एकसुरी. बाकीचे चौघे मात्र पहाटे गळा काढून आरवतात, एकमेकांवर तुटून पडतात आणि कोंबड्यांच्या मागे लागतात. त्यांचे तुरे लालभडक. पुढे पोट उघडून पाहिलं तेव्हा परका वृषण आतड्याला चिकटून जगलेला होता, वाढलेला होता, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या, आणि कापला तर आत शुक्रजंतू होते. जुना मज्जातंतू एकही जोडलेला नव्हता. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. वृषण रक्तात काहीतरी मिसळतो आणि रक्त ते सगळ्या अंगाला पोचवतं.

१८४९ साली ही हकिकत जेमतेम चार पानांत छापून आली. गटिंगेनमधल्याच रुडोल्फ वाग्नर यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, त्यांना तो साधला नाही. विषय बाजूला पडला. बेर्थोल्ड १८६१ मध्ये वारले तेव्हा आपण एका शास्त्राचा पाया घातला आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढचा मुक्काम पॅरिस, १ जून १८८९. इथे फार रेंगाळायचं नाही. सभागृहात बहात्तर वर्षांचे शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार बोलत आहेत. साधे गृहस्थ नव्हेत. मज्जारज्जूवरच्या कामामुळे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ. ते सांगतायत की कुत्र्याचे आणि गिनीपिगचे वृषण वाटून, पाण्यात कालवून, गाळून मी स्वतःला टोचून घेतले आणि माझी तरुणाई परत आली. जिना जवळजवळ पळत चढतो, तासन्‌तास लिहितो, लघवीची धारसुद्धा लांब जाते. ती त्यांनी मोजली होती. समोरच्या बाकांवरच्या वयस्कर सभासदांचे चेहरे पाहून घ्या. काहींना हसू आवरत नसणार, पण काहींना पत्ता हवा असणार. काही महिन्यांत युरोप-अमेरिकेत असले अर्क बाटल्यांतून विकले जाऊ लागले. एसटी स्टँडाजवळच्या भिंतींवर जोम आणि जवानीच्या ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांचं एक मूळ या सभेत आहे. वृषणातलं मुख्य द्रव्य पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि वृषण ते फारसं साठवूनही ठेवत नाही, हे कळायला अजून बरीच वर्षं होती. म्हाताऱ्याला जे काही जाणवलं ते मनाचं होतं.

शिकागोत उतराल तेव्हा नाकाला रुमाल लावा. १९२७ साल. मैलभर पसरलेले गुरांचे वाडे, कत्तलखाने, आणि सगळ्यावर शेण-रक्ताचा वास. विद्यापीठातले फ्रेड कॉक आणि त्यांचा विद्यार्थी लेम्युएल मॅगी यांना हीच जागा हवी होती, कारण इथे वळूंचे वृषण पिंपाने मिळतात. पाण्याऐवजी आता अल्कोहोल, बेंझिन, अ‍ॅसिटोन असे द्रव वापरायचे, एक-एक थर काढत जायचा. ४० पौंड, म्हणजे अठराएक किलो वृषणांतून हाती आलं वीस मिलिग्रॅम सत्त्व. त्यात जोर आहे की नाही हे तपासायला यंत्र नव्हतं. मग काय केलं? खच्ची कोंबडा आणला, रोज टोचलं आणि तुरा वाढतो का ते बघितलं. तुरा लाल झाला, उभा राहिला. बेर्थोल्ड यांच्या अंगणातला कोंबडा प्रयोगशाळेचं माप झाला.

चार वर्षांनी गोष्ट परत गटिंगेनला येते. आडोल्फ बूटेनांट नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनच्या पोलिसांची लघवी गोळा करवली, सुमारे १५,००० लिटर, आणि तिच्यातून पंधरा मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन नावाचं त्याच जातीचं द्रव्य वेगळं काढलं. १९३५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये वृषणांतून ते मुख्य द्रव्य, खुद्द टेस्टोस्टेरॉन, मिळालं; त्याच वर्षी बूटेनांट यांनी, आणि स्वतंत्रपणे लिओपोल्ड रुझिचका यांनी, ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. १९३९ चं नोबेल दोघांना मिळालं; हिटलरच्या सरकारने बूटेनांट यांना ते नाकारायला लावलं.

इथवरची गोष्ट सरळ आहे आणि म्हणूनच ती लोकांना फार आवडते. द्रव्य घाला, वागणूक मिळवा. शाळेच्या पुस्तकात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती इथेच संपते. तुम्ही मात्र उतरू नका, कारण खरी गंमत पुढच्या थांब्यांवर आहे.

१९५० च्या दशकाची अखेर, कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स. विद्यापीठाच्या एका खोलीत गिनीपिगचे पिंजरे आहेत, गवताचा आणि मुताचा उबदार वास आहे. एका मादीच्या पाठीवरून हात फिरवा. ती पुढे सरकेल, चिडून चिरकेलही. दोन आठवड्यांतून एकदा, काही तासच, तिचं वागणं बदलतं. गुरं पाळणारे म्हणतात तसं, ती माजावर येते. तेव्हा असाच हात फिरवला तर ती पाठ ताठ करते, मागचा भाग उचलते आणि तशीच थिजून उभी राहते. विल्यम यंग यांनी हे वर्षानुवर्षं, तासातासाला हात फिरवून तपासलं होतं. अंडाशय काढून टाकलेल्या मादीलाही आधी इस्ट्रोजेन आणि दीडेक दिवसाने प्रोजेस्टेरॉन ही अंडाशयाची द्रव्यं टोचली की काही तासांत ती अशी उभी राहते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता शेजारच्या पिंजऱ्यातली मादी घ्या. ही पोटात असताना हिच्या आईला टेस्टोस्टेरॉन टोचलेलं होतं. हिचे अंडाशय काढले आहेत, हिलाही तीच दोन औषधं त्याच मापाने दिली आहेत. हात फिरवा. काही नाही. फारच झालं तर क्षणभर पाठ ताठ करते आणि निघून जाते. उलट हिला टेस्टोस्टेरॉन दिलं तर ती इतर माद्यांवर नरासारखी चढते, साध्या मादीपेक्षा कितीतरी जास्त वेळा. मोठ्या वयाच्या मादीला तेवढंच टेस्टोस्टेरॉन द्या, असा कायमचा फरक पडत नाही. कच्च्या मडक्यावर उमटलेला अंगठा भाजल्यावरही राहतो. भाजलेल्या मडक्यावर कितीही दाबा.

चार्ल्स फिनिक्स, रॉबर्ट गॉय, अर्नॉल्ड गेराल आणि यंग यांचा हा निबंध १९५९ चा. त्यातलं म्हणणं असं की संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची, कामं दोन आणि वेळाही दोन. जन्माआधी ते मेंदूची घडण करतं, मोठेपणी त्या घडलेल्या मेंदूला जागं करतं. एकच द्रव्य, पण कधी आलं यावर सगळं अवलंबून. पुढच्या दोन दशकांत त्यात आणखी एक विचित्र पान जोडलं गेलं. नर उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत पोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचं तिथे इस्ट्रोजेन होतं, आणि नराचा मेंदू नरासारखा घडण्यात या इस्ट्रोजेनचाच मोठा वाटा असतो. 'बायकी हार्मोन' आणि 'पुरुषी हार्मोन' हे शब्द या उंदराला समजावून सांगायला कठीण आहेत.

मेंदूतली ही घडण डोळ्यांना दिसेल का, या शंकेवर तोवर बरेच जण नकारार्थी मान हलवत. त्यांच्यासाठी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जरा डोकावा. फर्नांडो नोटेबोम आणि आर्थर अर्नॉल्ड यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली कॅनरी पक्ष्याच्या मेंदूचे काप आहेत. गाणं सांभाळणारे ठिपके नराच्या मेंदूत मादीपेक्षा इतके मोठे आहेत की मोजपट्टीची गरजच पडू नये. कॅनरीत हे ठिपके वसंतात, गाण्याच्या हंगामात, फुगतात आणि हंगाम सरला की आक्रसतात. त्यांतल्या एका मुख्य ठिपक्याचा आकार तर जवळजवळ दुप्पट होतो. दरसालचा मेंदू निराळा.

आता ज्या थांब्यासाठी तुम्हाला एवढं फिरवलं तो. न्यूजर्सीतलं नेवार्क, १९६० च्या दशकाची सुरुवात. रटगर्स विद्यापीठात डॅनिएल लेरमन यांनी १९५९ मध्ये प्राण्यांच्या वागणुकीची एक संस्था काढली आहे. लेरमन लहानपणापासूनचे पक्षीवेडे. त्यांच्या पिंजऱ्यांत होले आहेत, गळ्यात काळी कंठी असलेले, आपल्याकडच्या पठाणी होल्याचे आफ्रिकेकडचे पाळीव भाईबंद. खिडकीच्या छज्ज्यावर होल्यांचा संसार पाहिलेला असेल तर तुम्हाला इथे काहीच परकं वाटणार नाही.

एक जोडी पिंजऱ्यात सोडा. सोबत काचेचा वाडगा आणि थोडं वाळलं गवत. पहिल्या दिवशी नर छाती फुगवून मादीपुढे वाकतो, घुमतो, पुन्हा वाकतो. दिवस-दोन दिवसांत दोघं वाडगा पसंत करतात, त्यात बसून घुमतात. मग गवत आणायचं काम नराकडे, रचायचं मादीकडे. हे आठवडाभर. सातव्या ते अकराव्या दिवसादरम्यान संध्याकाळी पाचच्या सुमाराला पहिलं अंडं येतं आणि दुसरं परवा सकाळी नऊच्या सुमाराला. मग पाळ्या लागतात: नर दिवसा मधले सहा तास अंडी उबवतो, उरलेले अठरा तास मादी. चौदाएक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि दोघंही त्यांना गळ्यातल्या पिशवीत तयार झालेलं दुधासारखं द्रव्य भरवतात. घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं.

लेरमन यांनी या घड्याळाचे काटे एकेक करून मोकळे केले. पहिल्याच दिवशी तयार घरटं आणि अंडी देऊन टाकली. जोडी बसली का? नाही. ती आधी वाकली, घुमली, तयार घरट्यावरच गवत चढवत राहिली, आणि पाच-सात दिवसांनी अंड्यांवर बसली. मग आणखी काही पक्ष्यांना आधीच आठवडाभर प्रोजेस्टेरॉन टोचून अंड्यांजवळ सोडलं, तर बहुतेक वीस मिनिटांत बसले. म्हणजे बसण्यासाठी रक्तात ते द्रव्य हवं. ठीक. पण टोचणारं कुणी नसतं तेव्हा ते येतं कुठून?

आता पिंजऱ्याच्या मध्ये काच लावा. अलीकडे मादी एकटी. पलीकडे नर. स्पर्श नाही, समागमाचा प्रश्नच नाही. तरीही काही दिवसांनी मादीचे अंडाशय वाढलेले आढळतात. आता पलीकडचा नर बदला आणि खच्ची केलेला ठेवा. दिसायला तोही नरच आहे, पण तो वाकत नाही, घुमत नाही. मादीचे अंडाशय जेमतेमच हलतात. जरा थांबून हा निरोप कुठून कुठे गेला ते पाहा. नराच्या वृषणातून रक्तात, रक्तातून त्याच्या मेंदूत, मेंदूतून त्याच्या मानेच्या लवण्यात. मग काच ओलांडून मादीच्या डोळ्यांत आणि कानांत, तिच्या मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीत, तिथून पुन्हा रक्तात आणि शेवटी अंडाशयात. बेर्थोल्ड यांचा निरोप्या एका शरीराच्या आत धावत होता. इथे तो दोन शरीरांतून फिरतो आणि मधला टप्पा वागणुकीचा आहे. संप्रेरक वागणं बदलतं हे खरं, पण वागणंही संप्रेरक बदलतं, स्वतःचं आणि समोरच्याचंही.

माझ्या मते हा प्रयोग बेर्थोल्ड यांच्यापेक्षा मोठा, आणि तरी तो कुणाला माहीत नसतो. लेरमन यांच्याच संस्थेतल्या मेई-फांग चेंग यांनी पुढे त्यावर कडी केली. मादीच्या घुमण्याला लागणारा मज्जातंतू कापून त्यांनी तिला मुकी केली. नर समोर घुमतोय, ती ऐकतेय, पण अंडाशय वाढत नाहीत. मग मादीच्याच घुमण्याचं ध्वनिमुद्रण तिला ऐकवलं आणि ते वाढले. म्हणजे नराचं प्रियाराधन ऐकून मादी घुमते, आणि तिच्या शरीराला जाग येते ती तिच्या स्वतःच्या आवाजाने.

एवढं कळल्यावर आता सगळे नियम हाती आले असं वाटू लागतं, म्हणून कॅनडातल्या मॅनिटोबाची एक चक्कर. नार्सिस गाव, मे महिना, १९८० च्या आसपास. चुनखडीच्या खड्ड्यात खाली पाहा, मात्र सापाची भीती असेल तर दुरून. जमीनच वळवळते आहे. तांबड्या पट्ट्यांचे हजारो गार्टर साप हिवाळाभर बिळात गारठून पडल्यावर नुकते वर आले आहेत. नर आधी येऊन थांबतात. एखादी मादी वर आली की डझनावारी नर तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि त्यांचा चेंडू होतो. या नरांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन भरभरून असणार, नाही का? डेव्हिड क्रूझ यांनी मोजलं तर ते अगदी कमी होतं. वृषणही सुकल्यासारखे, शुक्रजंतू गेल्या उन्हाळ्यातच तयार करून साठवलेले. खच्ची केलेले नरही त्याच उत्साहाने चेंडूत शिरले. या सापाला जाग येते ती लांब थंडीनंतरच्या उबेने. कोंबड्याचा नियम सापाला लागू नाही. निसर्गाने एक कुलूप बनवलं आणि सगळ्या दारांना तेच लावलं, असं मानायला आधार नाही.

रसायन शरीराबाहेरही निरोप नेतं, त्याची मजा मात्र वेगळीच. बूटेनांट आठवतात ना? १९५९ मध्ये ते पुन्हा भेटतील, आता म्युनिकमध्ये. वीसेक वर्षं खपून, रेशमाच्या सुमारे पाच लाख मादी पतंगांच्या ग्रंथींतून त्यांनी काही मिलिग्रॅम द्रव्य काढलं आहे. त्याचा अंश नुसता हवेत सोडला की नर पतंग, ज्याला उडताही येत नाही, पंख फडफडवत वारा येतो त्या दिशेने चालू लागतो. १९९६ मध्ये बेट्स रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी आशियाई हत्तिणीच्या मुतात असंच एक द्रव्य ओळखलं, जे ती फळण्याच्या दिवसांत सोडते. हत्ती ते सोंडेच्या टोकाने टिपतो आणि टाळूपाशी नेतो. वळू गाईचं मूत हुंगून वरचा ओठ उचलतो तेव्हा तोही हेच करत असतो. टाळूवरच्या एका खास वासेंद्रियाकडे ते पोचवत असतो. आश्चर्य पुढे आहे: हत्तिणीचं द्रव्य आणि शंभराहून अधिक जातींच्या कीटकांचं, मुख्यतः पतंगांचं, द्रव्य एकच निघालं. म्हणून हत्ती पतंगाच्या मागे लागत नाही आणि पतंग हत्तिणीच्या. निरोप तोच असून भागत नाही, वाचणारा मेंदू कोणता हेही पाहावं लागतं.

याच वाचणाऱ्या मेंदूपाशी शेवटचा थांबा आहे. १९७० च्या दशकातलं इलिनॉय, गवताळ रान. लोवेल गेट्झ सापळे उचलतायत. आत प्रेअरी व्होल, आपल्या शेतातल्या उंदराएवढा, आखूड शेपटीचा प्राणी. एका सापळ्यात एक नर, एक मादी. पुन्हा लावलेल्या सापळ्यात तीच जोडी. उंदरांच्या दुनियेत हे अप्रूप. सस्तन प्राण्यांत जोडी धरून राहणारे थोडेच. सू कार्टर यांनी हे प्राणी प्रयोगशाळेत नेले. तिथे कसोटी सोपी आहे: एका कोपऱ्यात जोडीदार बांधलेला, दुसऱ्यात परका, मधला व्होल मोकळा, वेळ तीन तास. प्रेअरी व्होल बहुतेक वेळ जोडीदाराला चिकटून बसतो. त्याचे डोंगरातले आणि कुरणातले भाऊबंद अशी जोडी धरत नाहीत.

१९९२ मध्ये थॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी प्रेअरी आणि डोंगरातला अशा दोन जातींच्या व्होलांचे मेंदू शेजारी ठेवून पाहिले. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक दोघांत आहे. ते पकडणारे ग्राही रेणू मात्र मेंदूत वेगवेगळ्या जागी दाट आहेत. प्रेअरी व्होलात ते बक्षिसाची गोडी लावणाऱ्या भागात भरपूर आहेत. १९९४ मध्ये मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन दिल्यावर समागमाशिवायही तिने जोडीदार पक्का केला. नरात व्हासोप्रेसिनचा वाटा मोठा, आणि दोघांतही डोपामिन लागतंच. २००४ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कुरणातल्या भटक्या नर व्होलाच्या मेंदूत व्हासोप्रेसिनच्या ग्राहीचं जनुक विषाणूतून पोचवलं, आणि तो जोडीदाराला चिकटून बसू लागला. वर्तमानपत्रांनी निष्ठेचं जनुक सापडल्याचं जाहीर केलं. ऑक्सिटोसिनचं नाव तर त्याआधीच 'प्रेमाचं रसायन' पडलं होतं. ब्राऊन-सेकार यांची सभा अजून उठलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि मग जानेवारी २०२३. सॅन फ्रान्सिस्को आणि स्टॅनफर्ड इथे देवानंद मनोली, नीराव शाह आणि सहकाऱ्यांनी प्रेअरी व्होलांतलं ऑक्सिटोसिनच्या ग्राहीचं जनुकच क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने मोडलं. या व्होलांना ऑक्सिटोसिन ऐकू येणारा तो कानच जन्मापासून नाही. तीस वर्षांच्या संशोधनानुसार त्यांनी जोडी धरायला नको होती, माद्यांनी दूध पाजायला नको होतं. त्यांनी जोडी धरली. जोडीदाराला चिकटून बसले, परक्याला टाळलं. माद्या व्यायल्या आणि पिल्लांना दूधही पाजलं, जरी दूध सुटेपर्यंत टिकलेली पिल्लं कमी होती. संशोधक स्वतःही चकित झाले. गर्भापासूनच एखादी वाट बंद असेल तर वाढता मेंदू दुसरी शोधत असेल, ही शंका रास्त आहे आणि तिच्यावर काम चालू आहे. जुने प्रयोग त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पण एक रेणू म्हणजे एक वागणूक, हा हिशेब व्होलाने मोडीत काढला.

'लव्ह हार्मोन' म्हणून नाकात मारायच्या फवाऱ्याच्या बाटल्या इंटरनेटवर विकायला आहेत. कुणी तुम्हाला घ्यायचा आग्रह केला, तर पैसे द्यायच्या आधी त्याला या २०२३ च्या व्होलांचं काय झालं ते विचारा.